पिठीशिवायची गोळी

वैद्याच्या खलातल्या जिनसाही तावातावाने भांडत, त्या काळची ही गोष्ट.

गावच्या जत्रेत रायबाच्या ढोलावर पहिली थाप पडल्याशिवाय पालखी उठत नसे. नेमका त्याच सकाळी रायबाचा खांदा ठणकू लागला. गंगाजी वैद्यांनी खलात चिमूटभर औषधी सत्त्व घेतलं, डिंक घातला आणि तांदळाच्या पिठीला हात लावला, तोच सत्त्व फणकारलं, "ही कशाला? दुखणं पळवणार मी. ही नुसती गर्दी करते!"

पिठी बिचारी मागे सरली. वैद्यबुवा गालात हसले. "बरं, होऊ दे तुझ्या मनासारखं."

गोळी देण्याआधी कोमट पाण्यात टाकून बघायची, ही बुवांची रीत. गोळी वाटीच्या तळाशी खड्यासारखी बसली. आत डिंकाने सत्त्वाला असं आवळलं होतं की त्याला हलता येईना. समोर रायबा कण्हत होता आणि सत्त्वाला ते नुसतं ऐकत बसावं लागत होतं.

"अरे, सोडवा मला कुणीतरी!" ते ओरडलं.

बुवांनी तीच गोळी पुन्हा घोटली, पिठी मिसळली आणि नवी गोळी रायबाला दिली. पोटात पाणी लागताच पिठी टम्म फुगली आणि तिने डिंकाची मिठी फोडली. "जा, आता पळव दुखणं!" सत्त्व सुटलं ते थेट खांद्यात.

थोड्याच वेळात ढोल कडाडला, पालखी उठली. "काय जालीम औषध!" लोक म्हणाले.

ते ऐकून सत्त्व खांद्यातून खाली पोटाकडे ओरडलं, "पिठीबाई, ऐकताय ना? आपला ढोल वाजतोय!"