आहेर न देणाऱ्या सरूची कहाणी

ऐक पाणजाई, तुझी कहाणी.

श्रावणातला दुसरा बुधवार होता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हा हे सगळं सुरू झालं.

आटपाट पाणी पसरलं होतं. धरणाचं पाणी ते. पाण्यापल्याड तीस उंबऱ्यांचं गाव होतं. गावाला रस्ता नव्हता, एक नाव होती. नाव महिपतीची होती. नावेचं इंजिन कर्जानं घेतलं होतं. मग बहिणीचं लग्न केलं, तेही कर्जानं केलं. मग हप्ते थकले.

त्या बुधवारी आठ वाजून दहा मिनिटांनी पतपेढीचा माणूस आला. महिपतीच्याच नावेत बसून आला. ओसरीवर टेकला नि म्हणाला, फाल्गुनातल्या पुनवेपर्यंत थकलेलं भरा, नाहीतर नाव ओढून नेतो. महिपतीनं मान खाली घातली. नाव गेली की त्याला शहरात हमालीला जावं लागणार, घराची दोन घरं होणार.

महिपतीची बायको सरू. पाच महिन्यांचं पोर काखेला. ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. पण सासूनं काय केलं? शेजारून साखर उसनी आणली, फुलांच्या कपात चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. शेजारच्या भागूला ऐकू जाईल असं म्हणाली, लेकाचे साहेब आलेत, पाहुणचार नको का करायला?

पुढच्या पंधरवड्यात भागूच्या नातवाचं बारसं होतं. सासू म्हणाली, चांदीचे वाळे घालायचे. पैसे नसतील तर व्याजानं काढा. रिकाम्या हातानं गेलो तर लोक ओळखतील.

सरू धुणं घेऊन पाण्यावर गेली. धुणं आपटलं नि रडू फुटलं. तिथं एक म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली होती. तिनं विचारलं, बाई बाई, का रडतेस? सरू म्हणाली, डोळ्यांत साबण गेला. म्हातारीनं पुन्हा विचारलं. सरू म्हणाली, पोर झोपू देत नाही. म्हातारीनं तिसऱ्यांदा विचारलं. मग सरूचा बांध फुटला.

"आजी, आमच्यावर देणं आहे. ते दिसू नये म्हणून घर आणखी देणं करतंय. मला भ्याव वाटतं."

म्हातारी म्हणाली, "एक वसा आहे. पण तू लाजशील, झाकशील, अर्ध्यावर टाकशील."

"लाजणार नाही, झाकणार नाही, टाकणार नाही."

"मग ऐक. देणं फिटेतोवर कुणाला आहेर देऊ नये, कुणाचा घेऊ नये. बोलावणं आलं तर घरी दडू नये. रिकाम्या हातानं जावं. म्हैस व्याली, पोर तापलं, असलं निमित्त सांगू नये. चारचौघांत खरं ते सांगावं. मीठ नि औषध सोडून पाण्यापलीकडचं काही घरात विकत आणू नये. फिटलं की सात बायका बोलवाव्या, गूळपाणी द्यावं, कहाणी सांगावी."

एवढं बोलली नि पाण्यात उतरली. ती पाणजाई होती. तिचं देऊळ धरणात बुडालं, पण बाई गाव सोडून गेली नव्हती.

सरूनं वसा घेतला. बिस्किटं बंद केली. टीव्हीचा रिचार्ज बंद केला. पुड्यातलं तेल बंद केलं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी नि रानभाजी, संध्याकाळी हुलग्याचं माडगं. चहातलं दूध गेलं, मग साखर गेली, मग चहाच गेला. महिपती म्हणाला, तंबाखू तेवढी राहू दे. सरू म्हणाली, "तंबाखू मिठात धरू की औषधात?" महिपतीनं पुडी फेकून दिली, नि चार दिवस नावेतल्या माणसांवर खेकसत राहिला. पण नावेचं भाडं सरूच्या डब्यात पडू लागलं.

मग सरू बारशाला गेली. रिकाम्या हातानं गेली. बायकांनी विचारलं, काय आणलंस? सरू म्हणाली, काही नाही, आमच्यावर देणं आहे. मग पाळण्याची दोरी धरली, पाळणा म्हटला, अंगाईही म्हटली. भागू म्हणाली, "तोंडाचा आहेर स्वस्तात पडतो गं बाई." बायका हसल्या. सरूचे कान तापले. पण ती उठली नाही, घुगऱ्या खाऊनच आली.

मग मार्गशीर्ष आला. चुलत दिराचं लग्न निघालं. मांडवात माईकवर आहेर पुकारत होते. अमक्याकडून पातळ, तमक्याकडून पातेलं, मामाकडून टॉवेल-टोपी. सासू म्हणाली, माझ्या पाठीमागं बस नि गप बस. महिपती तर आधीच आचाऱ्याकडे पाणी भरायला पळाला. सरू उठली. पुकारणाऱ्यापाशी गेली. म्हणाली, भावजी, आमचंही पुकारा. तो म्हणाला, काय लिहू वैनी? ती म्हणाली, काही नाही, असं लिहा. तो म्हणाला, असं कुठं पुकारतात होय?

मग सरूनं माईक हातात घेतला. काखेतलं पोर सावरलं नि बोलली.

"महिपतीच्या घरून आहेर नाही. आमच्यावर देणं आहे. ते फिटेतोवर देणार नाही, घेणार नाही. नवरा-नवरीनं सुखानं नांदावं. मी जेवायला बसणार आहे."

 मग कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. सरू पंगतीला बसली. तिच्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. ती पोटभर जेवली, बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. निघताना घरधनीण पातळ देऊ लागली. सरूनं कुंकू लावून घेतलं, पातळ परत केलं.

मग माघ आला. पाणी उतरलं, देवळाचा कळस वर आला. पोराचं जावळ काढायचं होतं. सासू म्हणाली, आता बोकड पाहिजे, गावजेवण पाहिजे. बाहेरच्यांना नाही म्हणालीस, देवीला म्हणशील तर पोरावर येईल.

 लोकांपुढं सरू उभी राहिली होती, पण हे पोराचं होतं. दिवसभर तिचा हात पोराच्या कपाळावरून हलला नाही. मग तिनं भावाला बोलावलं, न्हावी बोलावला, देव्हाऱ्यातला नारळ घेतला. भावानं पोर मांडीवर घेतलं. सरू गुडघाभर पाण्यात उभी राहिली नि कळसाकडे बघून बोलली.

"आई, कोपायचं तर माझ्यावर कोप. पोराला हात लावायचा नाही. पण बोकड नाही म्हणजे नाही."

सगळे पाण्याकडे बघत राहिले. पाणी हललं नाही. नाकात केस गेले म्हणून पोर तेवढं दोनदा शिंकलं. न्हाव्यानं वस्तरा पुसला, नारळ फुटला, खोबरं वाटलं. जावळ झालं.

मग फाल्गुनाची पुनव आली. पतपेढीचा माणूस दोन गडी नि दोर घेऊन आला. सरूनं डबा पुढं ठेवला. थकलेले हप्ते फिटले, दोर आल्या वाटेनं गेला. वसा तसाच पुढं चालला. पुढच्या दिवाळीला इंजिनाचं फिटलं, त्याच्या पुढच्या दिवाळीला लग्नाचंही फिटलं.

मग सरूनं सात बायका बोलावल्या. गूळपाणी दिलं, कहाणी सांगितली.  मग भागू हळूच म्हणाली, "तू माईकवर बोललीस त्या लग्नात मी पातळ दिलं होतं ना, त्याचे पैसे दुकानदाराला अजून द्यायचेत." दुसरी म्हणाली, आमच्या पातेल्याचेही. तिसरी म्हणाली, माझं तर डोरलंच गहाण आहे, गळ्यातलं खोटं आहे. बोलता बोलता सातही जणी बोलल्या. दाराआड सासू उभी होती. ती आत आली नि बायकांत बसली. म्हणाली, चाळीस वर्षं मी फुलांच्या कपांआड देणं झाकलं, आता मला वसा सांग. सरू म्हणाली, "आत्याबाई, लाजाल, झाकाल, टाकाल." सासू म्हणाली, "सून माईकवर बोलली, आता लाजायला उरलंय काय?"

मग आठही जणी हसल्या. त्या वर्षी गावात चार लग्नं झाली. माईकवर नुसती नवरा-नवरीची नावं पुकारली.

सरूचं जसं फिटलं, तसं तुमचं-आमचं फिटो. सरूची जीभ जशी अडली नाही, तशी तुमची-आमची न अडो. लांबलचक कहाणी, थोडक्या बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.

आणि बायांनो, ऐकून पदर झटकून उठू नका. ज्या घरी पाहुण्यासाठी उसनी साखर चालली असेल, त्या घरी आजच्या आज जा नि ही कहाणी सांगा.