पाठीवरचा साबण

मोठे साहेब, म्हणजे डॉक्टर राजोपाध्ये, राउंडला निघाले की वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरनी हातातलं काम टाकून त्यांच्यामागे चालायचं, अशी त्या इस्पितळाची पद्धत होती. एकीच्या हातात साहेबांचा टॉवेल, दुसरीच्या हातात पाण्याचं भांडं, आणि बाकीच्या नुसत्याच हात बांधून.

मार्था सिस्टरनी त्या सकाळी नवऱ्याला सांगूनच ठेवलं होतं, "आज नोकरी सोडून येते. एकाही पेशंटचं काम पुरं होत नाही, बोलणी मात्र पोटभर खायची!"

राउंड सुरू झाला आणि साहेब एका खाटेपाशी थबकले. धोंडूआजोबा उघड्या अंगाने कुडकुडत बसले होते. पाठीवरचा साबण तसाच वाळला होता.

"अंग पुसायचं अर्धवट टाकलंय! पलीकडच्याचं सलाइन संपलंय!" साहेब कडाडले. "या वॉर्डातल्या सिस्टर असतात तरी कुठे? आत्ताच्या आत्ता मला दाखवा!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मार्था सिस्टर मात्र पुढे आल्या. नोकरी सोडायचीच होती, मग भीती कसली?

"दाखवते की, साहेब. जरा मागे वळा."

साहेब वळले. सिस्टरांची रांग थेट दारापर्यंत गेली होती.

साहेबांनी दारापर्यंत एकेकीवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "जा, आपापल्या पेशंटकडे जा. यापुढे राउंडला मी एकटा येईन."

"या की," धोंडूआजोबा म्हणाले, "पण तो टॉवेल तेवढा ठेवून जा."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "सोडलीस का नोकरी?"

"सवड कुठे होती?" मार्था सिस्टर हसल्या. "आज सगळ्यांची कामं पुरी करत होते."