काचेमागची गाडी

"...तर मग सांगा बाबा, माझी गाडी नवी का जुनी?"

हणमंतराव डुबलांनी प्रश्न टाकला आणि कडक इस्त्रीचा सदरा सावरून बसले. गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीत, लिंबाच्या पाराला टेकून बाबुलालशा फकीर सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

प्रश्न तसा अवघड होता. गाडी बरेच महिने शोरूमच्या काचेमागे, दिव्यांच्या झोतात उभी होती. निम्म्या तालुक्याने तिच्यात बसून स्टिअरिंग फिरवलं, पोरांनी हॉर्न वाजवला, नवरदेवांनी टेकून फोटो काढले. घेतली मात्र कुणीच नाही. शेवटी नवं मॉडेल आलं आणि ही डिस्प्लेची गाडी सवलतीत निघाली. हणमंतरावांनी ती घेतली आणि सवलत सोडून बाकी सगळं गावभर सांगितलं.

पण साडूपासून काही लपत नाही. "उष्टी गाडी घेतलीत म्हणे!" असं तो भर बारशात बोलला. आता रविवारी तो गाडी बघायला येणार होता. तोवर तिच्यावर धूळही बसू द्यायची नाही, असा हणमंतरावांचा पण होता. कारखान्याच्या मीटिंगला ते अजून जुन्या मोटारसायकलवरच जात. गाडी घरापुढे झाकून ठेवलेली असे. आज तकियापर्यंत आणली, तीही बैलाच्या चालीने.

"रस्त्यावर कधी धावलेली नाही, बाबा. इंजिन कोरं. पहिलं नाव माझंच. तुम्ही एकदा 'नवी' म्हणालात, की साडूचं तोंड बंद."

"साडवांची तोंडं बंद करत बसलो, तर फकिरी कधी करू?"

हणमंतराव हसले. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोरा बांधलेला पुडा पुढे सरकवला.

"बरं, पेढा तरी घ्या."

"कशाचा?"

"गाडीचा."

"गाडी आली की खाऊ."

"आली की! ती काय, बाहेर उभी आहे!"

बाबांनी मान वळवून पाहिलं.

"उभी आहे खरी..."

मग ते उठले, गाडीशी गेले आणि काचेला नाक लावून आत डोकावले.

"सीटवर हा कागद कसला रे?"

"प्लॅस्टिकचं कव्हर. नव्या गाडीला असतंच."

"एवढी माणसं बसून गेली, तरी फाटलं नाही?"

हणमंतराव लिंबाकडे बघू लागले.

"ते... मी बाजारातून आणून घातलंय."

"हं..."

एवढ्यात तकियाशेजारच्या झोपडीतून हलिमाबी धावत आली.

"बाबा, शेळी अडली! करडाचे पाय बाहेर आलेत, डोकं आडवं झालंय. दवाखान्यात न्यायला पायजे, नाहीतर जाती ती!"

जनावरांचा दवाखाना तालुक्याला. हणमंतरावांनी मोठ्या आशेने रस्त्याकडे पाहिलं.

"टेम्पो बाजाराला गेलाय, सायेब," हलिमाबी म्हणाली.

आत शेळी ओरडली.

बाबा गाडीच्या मागच्या दाराशी चाचपडत राहिले...

"हणमंता, हे उघडतं कसं रे?"

गेले आठ दिवस हणमंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला तेच दार उघडून दाखवत होते. हाताला सवय लागली होती. "ओढायचं नाही, बाबा, हळूच असं दाबायचं..." म्हणत ते पुढे झाले. दार उघडलं. मागे वळून बघतात, तो हलिमाबी शेळी उचलून दारात हजर.

प्लॅस्टिकवर शेळीचे पाय ठरेनात. हलिमाबीने एका हिसक्यात ते ओढून बाहेर फेकलं.

"अगं, अगं..."

"चला सायेब!"

वेशीपर्यंत हणमंतराव खड्डे चुकवत गेले. शेळी पुन्हा ओरडली, तेव्हा अर्धे चुकवले. ओढ्याच्या चढावर खड्डा म्हणजे काय, हेच ते विसरले. डॉक्टरांनी शेळीला उतरवलंसुद्धा नाही; बाह्या सरसावून मागच्या सीटवरच तिला मोकळी केली.

दिवस कलताना गाडी परत आली. बाभळीने एका बाजूला लांबलचक ओरखडा काढला होता. मागच्या सीटचं वर्णन न केलेलं बरं. पुढच्या सीटवर, हणमंतरावांच्या जरीकाठी उपरण्यात गुंडाळलेली दोन करडं होती.

"बाबा, दोन! दोन्ही जिवंत! आणि गाडी काय पळाली म्हणता... चढावर एसटीला मागे टाकलं! डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर..."

खिशातला फोन वाजला. साडूच होता. हणमंतरावांनी हसतच कानाला लावला.

"या की रविवारी! उष्टी कसली घेऊन बसलात? गाडीत बाळंतपण झालंय! येताना जुनं धोतर आणा बसायला, सीट ओली आहे अजून!"

फोन खिशात गेला. करडू उपरणं चघळत होतं. हणमंतरावांनी ते चघळू दिलं.

पुडा पारावर तसाच होता, दोराही न सुटलेला.

"हणमंता, तुझा सकाळचा प्रश्न राहिला."

हणमंतरावांनी डोकं खाजवलं.

"कुठला, बाबा?"

बाबांनी दोरा सोडला. एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा हणमंतरावांपुढे धरला.

"गाडी आली रे. घे, तोंड गोड कर."