पानशिळेचे पाहुणे

तो समोरचा गिधाडकडा. पायथ्याला सपाट दगड दिसतो ना, ती पानशिळा. आमच्या नांदखोलात जनावर मेलं की पुरत नाहीत. या शिळेवर आणून ठेवतात, कड्याकडे तोंड करून "पाहुणं, जेवायला या" अशी हाक मारतात आणि मागे न बघता घरी येतात. तुम्ही शहरातली माणसं नाक मुरडाल. मुरडा, पण आधी ऐकून घ्या.

फार मागे इथे धर्माजी पाटील होऊन गेला, असं सांगतात. शिस्तीचा भारी सोस. एका वर्षी भात उदंड पिकलं, तेव्हा रानातल्या झाडून सगळ्या जिवांना जेवण घालायचा नवस त्यानं फेडायला काढला. पण पंगत म्हटल्यावर कुणीही कुठंही बसून कसं चालेल? ज्याचं जसं खाणं, तशी त्याची ओळ. गवत खाणारे इकडे, दाणे टिपणारे तिकडे, शिकार करणारे पार ओढ्यापलीकडे. गिधाडांची पाळी आली तेव्हा पाटील म्हणाला, मेलेलं खाणाऱ्याला माझ्या गावात पान नाही.

गावची सुईण भागू तिथेच होती. पाटलाची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळे तिला भीड नव्हती. "धर्मा, जेवणाऱ्यांच्या ओळी मांडल्यास रं, पण उष्टी कोन काढनार?"

पाटील हसला. त्यानं कड्याखाली मिरच्यांची धुरी लावली. दिवस पिलांचे होते. पिलं घरट्यातच गुदमरली आणि मोठी पाखरं निघून गेली.

पुढच्या वर्षी गुरांत रोग आला. मढी ओढ्याकाठी सडली, पाणी नासलं, गावात ताप शिरला. घरटी एक माणूस गेलं म्हणे. पाटलाची एकुलती लेक गोदा, आठ वर्षांची, तीही गेली. खांदा द्यायला कुणी उभं राहू शकत नव्हतं, म्हणून बापानं तिला एकट्यानं उचलून नेलं.

तिथून तो थेट शिळेवर येऊन आडवा झाला. मला खा, पण माझं गाव वाचवा, असं कड्याकडे बघून म्हणाला. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली आणि भोवती बसून राहिली. त्याच्यात धुगधुगी होती, म्हणून एकानंही चोच लावली नाही. भागू पाणी पाजायला आली, तेव्हा तो रडत होता. "आये, गवतात, दान्यात बी जीव असतो. समद्या पंगतीत ही एकच जात कुनाचा जीव न घेता जेवती. आन् मी हिलाच पानावरनं उठवलं."

पाचव्या दिवशी त्याचा श्वास थांबला. मग गिधाडं जेवली. ओढ्याकाठही त्यांनीच साफ केला, तेव्हा कुठं ताप उतरला.

आजही आम्ही हाक मारतो. पण कडा रिकामा आहे. शिकलेले सांगतात, दुखणाऱ्या गुरांना दिलेलं औषध मढ्यातून पोटात जाऊन पाखरं मेली. म्हणजे पाहुण्यांना विष आम्हीच वाढलं. गेल्या साली माझा बैल गेला. तीन दिवस घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, गावची कुत्री तेवढी आली. चौथ्या दिवशी मी फावडं घेऊन गेलो आणि खड्डा खणला.