सांडशी आणि पातेल्यांचे काठ

भांडी बोलायची, त्या काळातली गोष्ट. भागीरथीकाकूंच्या चुलीपाशी सात पातेली होती आणि सगळ्यांना मिळून एकच सांडशी. काठ सगळ्यांचे सारखे, त्यामुळे कुठलंही पातेलं काकू न बघता उतरवत.

एक दिवस दुधाचं पातेलं फणकारलं, "चटके मी सोसायचे, आणि माझा काठ कसा असावा ते ही सांडशी ठरवणार?" तांबट दारावर आला, तेव्हा पातेल्याने हट्टाने काठ जाडजूड वळवून घेतला आणि त्यावर पाकळ्या काढून घेतल्या.

"छान दिसतंय रे," सांडशी म्हणाली, "पण मी धरू कुठे?"

"ते तुझं तू बघ!"

संध्याकाळी दूध वर येऊ लागलं. काकूंनी सांडशी लावली, ती सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली.

"सांडशे, धर गं मला!" पातेलं ओरडलं.

"धरतेच आहे रे, पण तू हातात येशील तर ना!"

शेवटी काकूंनी चुलीतलं लाकूडच ओढून काढलं. काठाशी आलेलं दूध हळूहळू खाली बसलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पुढच्या खेपेला पातेलं स्वतःच तांबटाला म्हणालं, "पाकळ्या पोटावर काढ. काठ होता तसा साधा कर."

त्या संध्याकाळी दूध पुन्हा वर आलं. "सांडशे, पोटावरची नक्षी कशी दिसते गं?" पातेल्याने विचारलं.

"आधी खाली तर ये," म्हणत सांडशीने काठ घट्ट धरला.