न थांबणारे हात

मोगऱ्याच्या बागेशेजारी एका झोपडीत मैना राहायची. आठ वर्षांची चिमुरडी, पण घर तिच्याच जिवावर. बाबा नव्हते, आई महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली आणि धाकटी चिमी अजून रांगत होती. मैना कळ्यांचे गजरे गुंफून देवळापाशी विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. त्या दिवशी सकाळच्या कळ्या संपल्या आणि गजरे झाले इनमिन चार.

भर दुपारी बारा वाजता त्या बागेत कुणी पाऊल टाकत नसे. तेव्हा बाग झोपते, असं मोठी माणसं म्हणायची. पण भूक काय घड्याळ बघते? मैना परडी घेऊन आत शिरली.

आत चिटपाखरू बोलत नव्हतं. पानं माना टाकून लोंबत होती. मधमाश्या फुलांतच निजल्या होत्या, आणि विहिरीचं पाणी श्वास घेतल्यासारखं हळूहळू वरखाली होत होतं. एका पानावर कुशीला वळून बोटाएवढी परी झोपली होती. तिचे मोरपिशी पंख चमचमत होते, पण इवल्या गालावर ऊन आलं होतं. मैनाला राहवलं नाही. तिनं फांदी अलगद वाकवून परीवर सावली धरली.

परीनं एक डोळा उघडला. "गुणाची गं तू. हवं ते एक माग. पण दोन अटी आहेत. एकदा बोललेला शब्द बदलायचा नाही. आणि वर नकोसा झाला, तर 'मला दे' असं जो आपणहून म्हणेल, त्यालाच तो देता येईल."

"आमचं हातावरचं पोट आहे," मैना म्हणाली. "माझे हात कधी थांबू देऊ नकोस."

"कधीच नको?"

"कधीच नको."

संध्याकाळपर्यंत पांढऱ्याशुभ्र गजऱ्यांचा ढीग लागला. आठ दिवस घरात दोन्ही वेळा भाकरी झाली. मैना खूश होती. पण कळ्या संपल्या तरी हात थांबेनात. त्यांनी मिरच्या गुंफल्या, कडुनिंबाचा पाला गुंफला, आईच्या पदराचे धागेसुद्धा गुंफले. मैना दमून आडवी व्हायची, तिचे डोळे मिटायचे, तरी हात आपले चालूच. आई ते बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा.

एके दिवशी मैना डुलकीतून जागी झाली, तर हातांत दोरा होता आणि दोऱ्यात चिमीची बोटं होती. इवली, गुलाबी, कळ्यांसारखी. हात एकेका बोटाला गाठ मारत होते. चिमी रडतही नव्हती, नुसती बघत होती. आईनं धडपडत उठून दोरा तोडला.

मैनानं हुंदके देत परीची सगळी हकिकत सांगितली.

"मग ते हात मला दे," आई म्हणाली.

"नाही गं आई. तू आधीच आजारी आहेस."

चिमीजवळ आता जायचंच नाही, असं ठरवून मैना बागेत पळाली. पुन्हा बारा वाजले होते. जाताजाता हात झोपलेल्या कळ्या खुडत होते आणि ती कळ्यांची माफी मागत होती. परी जागीच होती.

"कुणी मागितले नाहीत हात?"

"आईनं मागितले. मी दिले नाहीत. मी इथंच राहते. घरी माझी चिमी आहे."

परी पानावर उठून बसली. मग म्हणाली, "मला दे."

"तू दमशील."

"दमेन, मग झोपेन. मला ते येतं. तुला कुणी शिकवलंच नाही, बाळ. विसावा नसला की हातसुद्धा आपले राहत नाहीत."

तिनं मैनाच्या बोटांना हात लावला. बोटांतली सळसळ निघाली आणि परीच्या पंखांत शिरली. पंख रुपेरी झाले, केशरी झाले, इतके थरथरले की परी दिसेनाशी झाली आणि नुसता उजेड उरला. तो उजेड झाडाझाडांवर जाऊन निवांत बसला.

त्या दिवसापासून मोगरा असा घमघमू लागला, की दोन गजऱ्यांत घर चालावं. आईचा तापही उतरला.

एका दुपारी दारात गिऱ्हाईक आलं. "मैना, गजरा दे गं."

मैना चिमीला कुशीत घेऊन झोपली होती. आई दाराशी येऊन हळूच म्हणाली, "लेक झोपलीय माझी. जरा थांबा."

गिऱ्हाईक थांबलं. झाडाच्या सावलीत बसलं, आणि थोड्या वेळानं त्यालाही छान डुलकी लागली.