संगणकाचं दत्तकविधान

"सुरू होत नाही म्हणजे काय?" कुसळगडचे हैबतराव महाराज कडाडले. "पंखे फिरतायत, दिवे लागतायत, मग अडलंय कुठे?"

ठकूने पडद्यावरची ओळ वाचून दाखवली, "'हा परवाना दुसऱ्या यंत्राचा आहे.'"

ठकू तांबट राजवाड्याच्या देवडीला लागून टपरी टाकून बसायची. बाप भांडी ठोकायचा. हिने हातोडी खाली ठेवली, सोल्डरिंग गन उचलली आणि संगणक बांधायला लागली. महाराजांचा जुना संगणक इतका मंदावला होता की बटण दाबून महाराज आंघोळ, पूजा आणि न्याहारी उरकून यायचे, तरी तो आपला आळोखेपिळोखे देतच असायचा. म्हणून महिनाभर खपून ठकूने नवा बांधला. संगणकाला चालतं करते ती ऑपरेटिंग सिस्टीमही तिने त्यात घातली. पण सिस्टीमचा परवाना जुन्याच्याच नावावर अडकून बसला!

परवाने देणारे विसाजीपंत पुढे सरसावले. नियम सांगायची संधी आली की यांना जेवल्यासारखं वाटायचं.

"कलम सातवं! परवाना ज्या यंत्राला दिला, त्याचाच. परक्या यंत्राला तो लागू नाही. आणि एका वेळी एकच यंत्र!"

"मग नवा परवाना द्या की," ठकू म्हणाली.

"देऊ ना! अर्जदाराने स्वतः यावं, अनवाणी रांगेत उभं राहावं, अर्ज तीन प्रतींत द्यावा."

"अनवाणी?" महाराज उसळले. "हा आचरट नियम कोणी केला?"

"आपणच, महाराज."

झालं! महाराज हट्टाला पेटले. "माझा नियम मोडायचा नाही. मी रांगेत उभा राहणार नाही. आणि उद्या दुपारपर्यंत हा संगणक चालू झाला पाहिजे! तू बांधलास ना, ठकू? मग तूच चालव. नाहीतर देवडीजवळची टपरी उचल!"

अख्ख्या गावात ठकूच्या हक्काची म्हणावी अशी तेवढीच चार हात जागा होती. ती गेली की पुन्हा बापाच्या अंगणात बसून पातेल्यांचे पोचे काढायचे. पण चेहऱ्यावर तिने काही दाखवलं नाही.

"दुपार कशाला, सरकार? सकाळीच करते. फक्त भटजी लागतील, नारळ लागेल आणि पाच शेर पेढे."

"पेढे? संगणकाला?"

"लागतात, सरकार!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. चौरंगावर जुना संगणक आडवा ठेवला होता, त्याला फेटा गुंडाळला होता. शेजारी नवा होता, त्याच्या डोक्यावर जरीचं टोपरं! भटजी पंचांग चाळत पुटपुटले, "गोत्र काय सांगू?"

"जुन्याचं असेल तेच सांगा. आता नव्याचंही तेच."

"आणि मुलगा देणार कोण?"

"मी देते. माझ्या हातांनी घडवलाय त्याला," ठकू म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज खरंच जरा कापला. तिने पाण्याची धार सोडली. चांगली चार हात लांबून सोडली, विजेचं काम होतं! मग नव्या संगणकाला उचललं आणि अलगद जुन्याच्या मांडीवर बसवलं.

"थांबा!" विसाजीपंत किंचाळले. "यंत्राला कसलं दत्तक? याचा देह निराळा, याचं घर निराळं! मांडीवर बसवलं म्हणून परका काय आपला होतो? बाहेरून आणलेल्याला दुसऱ्याच्या हक्कावर बसवायचं, ही शुद्ध लबाडी आहे!"

महाराजांना वारा घालणाऱ्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

"पंत," ठकू गोड आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. महाराजांपर्यंत पोचलं नसेल."

कारण हैबतराव महाराज मूळचे पाटलांच्या घरचे! सातव्या वर्षी निपुत्रिक थोरल्या महाराजांच्या मांडीवर बसले आणि गादीचे धनी झाले, हे कुसळगडातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. पंतांनाच नेमका बोलण्याच्या भरात विसर पडला!

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "मा... माणसांची गोष्ट वेगळी!"

"वेगळी कशी? गादीची सनद थोरल्या महाराजांच्या नावाची. देह बदलला, सनद तीच राहिली. का हो पंत, गादीसाठी महाराजांनी नवा अर्ज केला होता? तीन प्रतींत?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की कशाने, कोणालाच कळेना.

पंतांनी शेवटचा धागा पकडला. "पण एका वेळी एकच यंत्र!"

"ते मात्र बरोबर आहे हं तुमचं!" ठकूने जुन्या संगणकावर चार कळा दाबल्या, त्याचा परवाना सोडवून घेतला आणि त्याची वायरच काढली. "थोरले निवृत्त झाले. विचारा आता."

पंतांनी नोंदवही उघडली. "परवाना किती यंत्रांवर?"

"एका."

"आणि... आणि हे यंत्र परकं नाही कशावरून?"

"मांडीवर बसलंय, पंत! आता परकं म्हणायचं असेल, तर महाराजांच्या डोळ्यांत बघून म्हणा!"

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. लगेच वहीकडे पाहिलं. आणि खाडकन शिक्का मारला! ठकूने परवान्याचे आकडे नव्या संगणकात भरले, पडदा लखलखला आणि अक्षरं उमटली: 'स्वागत आहे.'

आता महाराजांना राहवेना. ते इतके हसले, इतके हसले की सिंहासनाचा हात धरून बसावं लागलं. "माझंच कलम, माझीच गादी, आणि दोन्ही माझ्यासमोर उलगडून ठेवलीस की गं, पोरी! टपरीची जागा आजपासून तुझी, कायमची. तिथे पक्कं दुकान दरबार बांधून देईल!"

आणि डोळे पुसत त्यांनी परातीतला सगळ्यात मोठा पेढा उचलून विसाजीपंतांच्या तोंडात कोंबला.

"खा, पंत, खा! आमच्या घराण्यात आणखी एक दत्तक आलाय!"